चंद्रावरचं टेंगूळ

खरा चंद्र कधी बोलत नाही. त्याला गरजही नाही. त्याच्याविषयी बोलायला सगळी दुनिया बसली आहे. बोलायची पाळी येते ती माझ्यासारख्यावर. मी प्लास्टरचा चंद्र. अंध मुलांच्या एका शाळेत, भूगोलाच्या वर्गात, लोखंडी घोडीवर बसवलेला. माझा व्यास नव्वद सेंटीमीटर. चौथीतल्या मुलाने मला मिठी मारली तर त्याचे दोन हात पलीकडे एकमेकांना लागत नाहीत. माझ्यावर कुणी कविता केली नाही. पण शेकडो मुलांनी मला हात लावलाय, आणि ते भाग्य खऱ्या चंद्राच्या वाट्याला फारसं आलेलं नाही.

मी मिरवतोय असं समजू नका. मला जे सांगायचंय ते मान खाली घालूनच सांगण्यासारखं आहे. मी गोल असल्यामुळे मला मान नाही, एवढंच.

माझा जन्म झाला तो एका मुलीच्या प्रश्नामुळे. तो प्रश्न मी स्वतः ऐकला नाही. भूगोलाच्या बाई मिस्त्रीकडे मला करायला सांगायला आल्या, तेव्हा त्यांनी ती हकीकत सांगितली. पुढे मिस्त्रीने माझ्यावर काम करताना ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली, म्हणून ती मला पाठ आहे.

शाळेच्या जेवणघरात संध्याकाळची जेवणं चालली होती. वाढता वाढता स्वयंपाकाच्या मावशींचं लक्ष खिडकीबाहेर गेलं आणि त्या म्हणाल्या, "अगंबाई, चंद्र बघा काय दिसतोय आज!" म्हटलं आणि लगेच जीभ चावली. पण दहा वर्षांची एक मुलगी होती, तिने ते सोडलं नाही.

"काय दिसतोय?"

"अगं, गोल... आपल्या ताटासारखा."

मुलीने ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. एक फेरी पूर्ण केली. मग म्हणाली, "का?"

"का म्हणजे?"

"ताटासारखा आहे, तर सगळे त्याच्याकडे एवढे का बघतात? ताट तर रोजच असतं."

मावशींनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. भूगोलाच्या बाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. ज्याला अख्खं जग मामा म्हणतं, तो मामा या मुलांच्या दारी कधी आलाच नव्हता. बाई दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीचा पत्ता शोधत निघाल्या.

मिस्त्री म्हणजे प्लास्टरचं नक्षीकाम करणारा माणूस. श्रीमंत घरांच्या छतांना वेलबुट्टी, दुकानांच्या खांबांना फुलं, असलं त्याचं काम. बाईंचं बोलणं ऐकून तो हसला. "चंद्र? बाई, आम्ही छतापर्यंत जातो. त्याच्या वरचं काम आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

"कराल?"

"आमच्या हातचं छत आजवर पडलेलं नाही. चंद्रही पडणार नाही."

बाईंनी एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. त्यात चंद्राच्या आपल्याकडे असलेल्या बाजूचा नकाशा होता. मागच्या बाजूचा नव्हता. बाई म्हणाल्या, "पुस्तकात आहे ते करा. जे माहीत नाही ते मनाने करू नका." म्हणून माझी पाठ अगदी गुळगुळीत आहे. तिच्यावर एक ब्रेलची पट्टी लावली आहे: 'या बाजूचा नकाशा आमच्याकडे नाही.' माझ्या अंगावरची ती सगळ्यात प्रामाणिक जागा. पुढच्या बाजूबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

मिस्त्रीने तारेच्या जाळीचा सांगाडा केला. प्लास्टरमध्ये भिजवलेले तागाचे तुकडे त्यावर थरावर थर लावले. मग भिंग घेऊन नकाशा वाचत एकेक खड्डा कोरायला घेतला. मोठ्या खड्ड्यांना डाव, मधल्यांना चहाचा चमचा, बारक्यांना खिळ्याचं डोकं. खरी खोली ठेवली असती तर मुलांच्या बोटांना काही लागलंच नसतं, म्हणून सगळं पाचपट खोल आणि पाचपट उंच करायचं ठरलं. काळी मैदानं, ज्यांना माणसं उगाचच समुद्र म्हणतात, ती त्याने काचेच्या कागदाने घासून घासून सपाट केली. एकेचाळीस दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. असा जीव लावून काम करणारा माणूस होता तो. पुढचं सांगताना हे तुमच्या लक्षात असू द्या.

बेचाळिसाव्या दिवशी दुपारी टेम्पो दारात उभा राहिला. माझ्या डोक्यावर मला टांगायला ठेवलेलं भोक तेवढं बुजवायचं राहिलं होतं. मिस्त्रीने थापीवर प्लास्टर घेतलं, भोक बुजवलं, आणि थापी मागे घेताना तिच्यावरचा एक गोळा निसटला. तो खाली, पुढच्या बाजूच्या एका सपाट मैदानावर येऊन पडला. बोराएवढा.

मिस्त्रीने तो पाहिला. मी खात्रीने सांगतो, त्याने पाहिला. त्याचा हात कानशीकडे गेलाही. तेवढ्यात टेम्पोवाला ओरडला, "आटपा हो मिस्त्री! मला अजून दोन ठिकाणी जायचंय." आतून बायकोची हाक आली, "ताटं वाढलीत, गार होतायत!" मिस्त्रीने कानस खाली ठेवली.

"जाऊ दे," तो स्वतःशीच म्हणाला. "तिथे बघणार कोण आहे?"

दुष्टपणाने म्हणाला नाही. दमलेला माणूस म्हणतो तसं म्हणाला. पण प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, ठाऊक आहे ना? तो गोळा माझ्या अंगावर गरम होत होत घट्ट झाला. त्या उबेत मला ते वाक्य कायमचं चिकटलं.

शाळेत माझं स्वागत झालं ते काय सांगू! मुलं रांगेत उभी होती, तरी धक्काबुक्की चाललेलीच. "सरक ना, मला बघू दे!" "तू किती वेळ बघणार?" या शाळेत बघणं म्हणजे हात लावणं. बाई म्हणाल्या, "भांडू नका. हातच्या काकणाला आरसा कशाला? चंद्र इथेच आहे. सगळ्यांनी बघा."

ती ताटवाली मुलगी माझ्यापुढे आली. प्रत्येक वाक्याला 'का, का' करायची म्हणून पोरांनी तिचं नाव कावळी ठेवलं होतं, आणि तिला त्याचा रागही नव्हता. तिने दोन्ही हात माझ्यावर ठेवले आणि कितीतरी वेळ ती हललीच नाही. मग बोटं चालायला लागली. खड्ड्यात उतरली, काठावर चढली, पुन्हा उतरली.

"बाई, हे ताटासारखं मुळीच नाही."

"मग कशासारखं आहे?"

"कुणीतरी खूप मार खाल्ल्यासारखं," ती म्हणाली. "आणि तरी गोलच राहिल्यासारखं."

आणि मग तिची बोटं त्या मैदानात आली. सपाट, सपाट, सपाट, आणि मध्येच तो गोळा.

"हे काय?"

बाईंनी वाकून पाहिलं. त्या क्षणी त्यांच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली, ती फक्त मला दिसली. मग आठी गेली. "डोंगर असणार," त्या म्हणाल्या.

"एकटाच? का?"

"असतात काही एकटे डोंगर."

मागून एक पोरगं ओरडलं, "बघू, बघू! अरे, टेंगूळ आलंय चंद्राला! पलंगावरून पडला वाटतं!" सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं टेंगूळ.

माझ्या अंगावर शेकडो खड्डे होते, सगळे नकाशाप्रमाणे, सगळे कष्टाने कोरलेले. पण जीव जडला तो टेंगळावर. वर्गात आल्या आल्या पोरं आधी तिथे हात लावायची. परीक्षेच्या आधी तर रांग लागायची. नवीन आलेलं, घरच्या आठवणीने रडणारं मूल असलं की मोठी मुलं त्याचा हात धरून माझ्याकडे आणायची आणि बोट टेंगळावर ठेवून सांगायची, "हे बघ, हा पण पडलाय. रडतोय का?"

आणि मला ते आवडायला लागलं. लाज वाटते ती याची. मिस्त्रीने चूक केली, ती एका दुपारची. मी मात्र पाच वर्षं त्या चुकीवर लाड करून घेतले. माझ्यातली एकच गोष्ट खोटी होती आणि तिच्यावरच सगळ्यांचं प्रेम होतं. मला बोलता येत नव्हतं, हे खरं आहे. पण बोलता आलं असतं तर बोललो असतो का? खरं सांगतो, नसतो बोललो.

कावळी मोठी होत होती. तिने दोऱ्याने टेंगळाची उंची मोजली, माझा घेर मोजला, पाचपटीचा हिशेब वजा केला आणि एके दिवशी धावत बाईंकडे आली. "बाई, टेंगूळ साडेअकरा किलोमीटर उंच आहे! आपल्या पृथ्वीवरच्या सगळ्यात उंच डोंगरापेक्षाही उंच! का?"

"तिथे सगळ्याचं वजन कमी भरतं ना," बाई म्हणाल्या, "म्हणून उंच होत असतील."

पुस्तक कपाटात होतं. कपाट चार पावलांवर होतं.

कावळी पंधरा वर्षांची झाली, त्या वर्षी शहरात विद्यार्थ्यांचं विज्ञान संमेलन भरलं. प्रत्येक शाळेच्या एका विद्यार्थ्याने दहा मिनिटं बोलायचं. आमच्या शाळेकडून कावळी. विषय, 'मी पाहिलेला चंद्र'. मला चादरीत गुंडाळून गाडीतून नेलं आणि व्यासपीठावर तिच्या शेजारी टेबलावर ठेवलं. सभागृह गच्च भरलं होतं. समोरच्या रांगेत परीक्षक बसले होते. त्यांच्यात एक पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक होते, ज्यांचा सगळा जन्म आकाशाच्या अभ्यासात गेला होता.

कावळी बोलायला उभी राहिली. सुरुवातीला आवाज कापत होता. तिने माझ्यावर एक हात ठेवला आणि कंप थांबला.

"तुम्ही सगळे चंद्राकडे बघता आणि म्हणता, किती सुंदर," ती म्हणाली. "मी लहानपणी विचारायचे, कसा सुंदर? तर उत्तर मिळायचं, ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. आता मी तो बघितलाय. तुम्ही लांबून बघता, मी जवळून बघितलाय. तुम्हाला तो गुळगुळीत वाटतो. मला माहीत आहे की तो सगळा घाव घाव आहे. तिथे वारा नाही, पाऊस नाही, त्यामुळे झालेला घाव बुजत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा मारसुद्धा तसाच्या तसा राहतो. मला वाटतं, तुम्ही त्याला सुंदर म्हणता, कारण तुम्ही लांब आहात. मी त्याला सुंदर म्हणते, हे सगळं माहीत असून."

 बाई पदराने डोळे टिपत होत्या. मी फुगलो होतो. प्लास्टरला फुगता येतं तेवढा.

"आणि आता," कावळी हसून म्हणाली, "माझी सगळ्यात लाडकी जागा. एका मोठ्या सपाट मैदानाच्या मधोमध एकच डोंगर आहे. साडेअकरा किलोमीटर उंच. पुस्तकात त्याचं नाव काय आहे मला माहीत नाही. आम्ही त्याला टेंगूळ म्हणतो." आणि तिने न चाचपडता, अचूक, बोट टेंगळावर ठेवलं.

टाळ्या पडल्या. परीक्षकांनी प्रश्न विचारायचे होते. दाढीवाले प्राध्यापक पुढे झुकले. त्यांच्यापुढे माइक होता.

"फार सुंदर बोललीस, बाळ. पण हा डोंगर कुठला म्हणालीस?"

"हा, सर. इथला."

ते उठून व्यासपीठावर आले. चष्मा लावला, वाकले, नखाने टोकरून पाहिलं. माइक त्यांच्या हातातच राहिला होता.

"अगं, हा डोंगर नाही," ते म्हणाले. "इथे चंद्रावर काहीच नाही. हा प्लास्टरचा गोळा आहे. काम करताना सांडलेला."

ते हळू बोलले होते, पण माइकने ते शेवटच्या रांगेपर्यंत नेलं. आधी एक जण हसला. मग चार. मग सभागृह हसलं. वाईट माणसं नव्हती ती. एखाद्याचा पाय घसरला की आधी हसू येतं, तसं हसली. कावळीचं बोट अजून टेंगळावरच होतं. मला त्या बोटातली धडधड लागत होती. ती 'का' म्हणाली नाही. ते बोट तिने हळूच उचललं, ओढणीला पुसलं आणि हात मागे घेतला.

त्या पुसण्याने जे झालं, ते माझ्यावर घण घालूनही झालं नसतं.

परतताना मी गाडीत मागे दोरीने बांधलेला, आणि माझ्या दोन बाजूंना बाई आणि कावळी.  अर्ध्या रस्त्यात कावळीने विचारलं, "बाई, ज्याने हा बनवला, त्याला दिसतं का?"

"हो."

"मग त्याला तो गोळा दिसला असेल."

"असेल."

"मग काढला का नाही?"

 गाडी एका खड्ड्यातून गेली, मी दोरीत हिसका खाल्ला.

"मला कळलं," कावळी म्हणाली. "आम्हाला कुठे दिसणार आहे, म्हणून."

मला अडगळीच्या खोलीत ठेवलं. कावळीनेच सांगितलं होतं, मला तो वर्गात नको. फाटक्या गाद्या आणि मोडक्या बाकांमध्ये मी तीन महिने होतो. भिंतीपलीकडून जेवणघरातले आवाज यायचे. एकदा मावशी काकुळतीने म्हणताना ऐकलं, "अगं कावळे, एकदा तरी 'का' म्हण की! भाजीत मीठ नाही, विचार ना, का नाही?" कावळीचं उत्तर ऐकू आलं नाही. तिने प्रश्न विचारणंच सोडलं होतं. बाईंनी पुढे मिस्त्रीला सांगताना मी ऐकलं, ती फक्त 'बरं' म्हणायची. कुणी काहीही सांगितलं की 'बरं'. जिने ताटाच्या कडेवरून बोट फिरवून अख्ख्या जगाला कोड्यात टाकलं होतं, तिला माझ्यामुळे 'बरं' म्हणायची सवय लागली.

एका सकाळी अडगळीच्या खोलीचं दार उघडलं. बाई कावळीचा हात धरून आत आल्या आणि एका मोडक्या बाकावर बसल्या.

"तुला एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी मला शंका आली होती. पुस्तक उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. तू उंची मोजून आलीस तेव्हाही मी मनाचंच काहीतरी ठोकून दिलं. तुम्ही सगळे इतके खूश होतात. तुमचा हिरमोड होईल असं वाटलं मला. खरं म्हणजे माझाच झाला असता. मिस्त्रीची चूक आहेच. पण तू विचारलंस ते मला, आणि मी तुला खोटं सांगितलं."

 कावळीने विचारलं, "मिस्त्री जिवंत आहे का?"

मिस्त्री जिवंत होता. बाईंचं पत्र मिळाल्यावर तिसऱ्याच दिवशी पिशवीत कानस आणि थापी घालून तो हजर झाला. म्हातारा झाला होता. हाताला कंप होता. आल्या आल्या त्याने जोडे काढले आणि माझ्याजवळ आला. टेंगळावर नजर पडली तसा तो खाली बसला.

"मिस्त्रीकाका," कावळी म्हणाली, "तुम्हाला हे दिसलं होतं का?"

तो 'नाही' म्हणू शकला असता. कुणी साक्षीदार नव्हता. होतो तो मी, आणि मी मुका.

"दिसलं होतं, पोरी."

"मग?"

"टेम्पो उभा होता. जेवायची वेळ झाली होती." त्याने पिशवी जवळ ओढली. "आणि मनात आलं, तिथे बघणार कोण आहे."

बाईंनी डोळे मिटले. मिस्त्रीने घाईघाईने पिशवीतून कानस काढली. "पाच मिनिटांचं काम आहे. आत्ता काढून टाकतो, जणू कधी नव्हतंच."

"थांबा," कावळी म्हणाली. "हे एकच कशावरून?"

"म्हणजे?"

"एक खोटं निघालं. बाकीचं खरं आहे, हे मी कसं मानू? तुम्ही म्हणाल, बरोबर आहे. बाई म्हणतील, बरोबर आहे. आधीही म्हणतच होतात." तिचा आवाज चढला. "मला हा सगळा तपासायचाय. पहिल्या खड्ड्यापासून."

तीन महिन्यांनी ती भांडत होती. बाईंचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

मग दर रविवारी तपासणी बसली. नकाशा वाचायला दाढीवाले प्राध्यापक आले. बाईंनी बोलावलं नव्हतं, त्यांनीच पत्र पाठवून विचारलं होतं, येऊ का म्हणून. पहिल्या दिवशी ते कावळीला म्हणाले, "मी बरोबर बोललो होतो. पण ते तुला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. माइकवर नको होतं. त्या दिवसापासून मला माझाच आवाज आवडेनासा झालाय."

 "हो, नकोच होतं," कावळी म्हणाली. "आता वाचा."

ते मोजमाप वाचायचे, कावळी बोटांनी आणि दोऱ्याने पडताळायची, बाई ब्रेलमध्ये टिपून घ्यायच्या, मिस्त्री दुरुस्त करायचा. अकरा रविवार लागले. चौदा चुका सापडल्या. दोन खड्ड्यांची अदलाबदल झाली होती. एक डोंगररांग वाकडी गेली होती. एका मैदानाच्या काठावर एक देखणा, वाटोळा, उथळ खड्डा होता, तो नकाशात कुठेच मिळेना. कावळीने त्यात अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काका, तुमचा अंगठा द्या जरा." मिस्त्रीने अंगठा ठेवला. बरोब्बर बसला! मला उचलून फिरवताना ओल्या प्लास्टरवर दाबला गेला असणार. चौघंही हसली. प्राध्यापक म्हणाले, "चंद्रावर पोहोचलेला पहिला मिस्त्री!" आणि मिस्त्री हसता हसता रडायला लागला.

टेंगूळ सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. त्या दिवशी वर्गात लहान मुलं आली. त्यांना समजावलं होतं, तरी पहिलीतली एक मुलगी मला बिलगून बसली. "नका ना काढू!"

"ते खोटं आहे," कावळी म्हणाली.

"पण ते आमचं आहे!"

 मग कावळीने मिस्त्रीला सांगितलं की घासून टाकू नका, अख्खं कापून काढा. त्याने बारीक करवतीने ते बुडाशी कापलं. कावळीने ते त्या मुलीच्या मुठीत ठेवलं. "हे घे, तुलाच. हे चंद्राचं नाही, मिस्त्रीकाकांचं आहे. खेळायला घे. पण चंद्र कसा असतो असं कुणी विचारलं, तर हे दाखवायचं नाही." मग कानस स्वतःच्या हातात घेऊन उरलेली जागा तिने सपाट केली.

प्राध्यापकांनी माझ्या पाठीचाही नकाशा आणला होता. मिस्त्रीने तो बराच वेळ पाहिला आणि परत दिला. "आता हात कापतो, सर. चुकीचं करण्यापेक्षा कोरं बरं."

या गोष्टीलाही आता पुष्कळ वर्षं झाली. मिस्त्री गेला. बाई निवृत्त झाल्या. कावळी ब्रेलची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात तपासनीस आहे. तिच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक राहत नाही म्हणतात, आणि तिच्या 'का'ला छापखान्यातली सगळी माणसं टरकून असतात. शाळेत यंत्रावर केलेला, पाठपोट पूर्ण असा नवा चंद्र आलाय. मी वाचनालयाच्या कोपऱ्यात असतो. कमरेला एक तडा गेलाय. कधी कुणी मूल येतं, हात फिरवतं, जातं. माझी काही तक्रार नाही.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. माझ्या त्या पाच खोट्या वर्षांत बावीस मुलं शाळा संपवून बाहेर पडली होती. तपासणी झाल्यावर बाईंनी आणि कावळीने त्या प्रत्येकाला ब्रेलमध्ये पत्र लिहिलं: चंद्रावर तसा डोंगर नाही, चूक आमची होती, माफ करा. एकोणीस जणांची उत्तरं आली. तीन पत्रं पत्ता न सापडून परत आली. एक मुलगी लग्न होऊन दूर गेली. एक जण वाद्यं दुरुस्त करत गावोगाव फिरतो म्हणे. तिसऱ्याचं काहीच कळलं नाही.

ते तिघं कुठेतरी आहेत. आता त्यांनाही मुलंबाळं असतील. एखाद्या संध्याकाळी मूल खिडकीतून ओरडत असेल, "बाबा, चंद्र!" आणि बाबा ऐटीत सांगत असतील, "त्याच्यावर एक एकटा डोंगर आहे, जगातल्या सगळ्या डोंगरांहून उंच. तुला नाही दिसायचा. मी हात लावलाय त्याला." मूल शाळेत जाऊन ते सांगत असेल. आणि तिथे कुणाच्या तरी हातात माइक असेल.

तुम्ही चालती-बोलती माणसं. कधी प्रवासात, बाजारात, शेजारच्या घरात तुम्हाला कुणी त्या डोंगराबद्दल सांगताना आढळलं, तर माझ्यासाठी एवढं करा. हसू नका. आधी पूर्ण ऐकून घ्या. मग त्यांना बाजूला घेऊन, हळू आवाजात, खरं काय ते सांगा. आणि ते 'का' म्हणाले, तर टाळू नका.